युरोपातली पाच शहरं: विमानं कशी जोडायची?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी. मे अखेर ते जूनचा मध्य असं युरोपला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: नवरा, मी आणि सासूबाई-सासरे. शहरं जवळपास ठरली आहेत: पॅरिस, बार्सिलोना, रोम, व्हिएन्ना, प्राग. अडीच आठवड्यांच्या आसपास वेळ आहे.

घरात सगळ्यांचं म्हणणं असं की पॅरिसचं जाऊन-येऊन तिकीट स्वस्त दिसतंय, तेच काढू आणि शेवटी पॅरिसलाच परत येऊ. मी सगळं एका दमात 'मल्टी-सिटी'मध्ये, म्हणजे बरीच शहरं एकाच तिकिटात जोडणाऱ्या शोधात, घालून पाहिलं. सहा टप्प्यांचा जो आकडा आला तो पाहून लॅपटॉप मिटून ठेवला. सुटी तिकिटं शोधली तर एकेक टप्पा अगदीच किरकोळ किमतीत दिसतो, पण ती वेगवेगळी काढायची भीती वाटते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार पळापळ नको. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

दीडशहाणा

सहा टप्पे एकाच शोधात घालू नका. त्या आकड्याचं कारण असं की असा शोध एकमेकांशी करार असलेल्या मोठ्या कंपन्यांची भाडी जोडत बसतो. रायनएअर (आयरिश), विझ एअर (हंगेरियन) वगैरे स्वस्त कंपन्यांची मंडळी त्या जोडणीत सहसा येतच नाहीत, आणि युरोपच्या आत स्वस्ताई आहे ती त्यांच्यामुळेच.

दोन वेगळे प्रश्न समजा. पहिला, घर ते युरोप आणि युरोप ते घर. दुसरा, युरोपच्या आतलं फिरणं.

लांबच्या प्रवासात मोठ्या कंपन्या परतीचं तिकीट अर्धं-अर्धं जोडून लावतात, आणि एकेरी तिकीट मात्र कित्येकदा परतीच्या तिकिटाइतकं, कधी त्याहून महाग. म्हणून दोन एकेरी काढायची नाहीत. 'मल्टी-सिटी'त फक्त दोन ओळी भरा: घर–पॅरिस आणि प्राग–घर. याला ओपन-जॉ म्हणतात. भाडं बहुतेक वेळा साध्या परतीच्या आसपासच येतं.

युरोपच्या आत उलट. तिथे १ एप्रिल १९९७ पासून युरोपियन युनियनमधली कुठलीही विमान कंपनी युनियनमधल्या कुठल्याही दोन गावांमध्ये विमान उडवू शकते, परक्या देशाच्या आतसुद्धा. म्हणून आयरिश कंपनी इटलीतल्या दोन शहरांमध्ये विमान चालवते आणि हंगेरियन कंपनी रोममध्ये तळ ठोकते. ही सगळी प्रत्येक टप्पा सुटा विकतात. जाऊन-येऊन घेतलं म्हणून एक सेंट कमी होत नाही. तेव्हा आतले टप्पे सुटेच काढा, घाबरू नका.

आणि पॅरिसला परत येण्याचा हट्ट सोडा. प्राग–पॅरिस चार तिकिटं, चार जणांच्या बॅगा, पॅरिसमध्ये बहुधा एक जादा रात्र आणि वाया गेलेला दिवस हे सगळं त्या 'स्वस्त' तिकिटात मिळवून बघा.

पाचवा_डबा

दीडशहाणा यांना अनुमोदन, पण एक दुरुस्ती. पाच शहरं म्हणजे चार विमानं असं कुणी सांगितलं? व्हिएन्ना–प्राग रेल्वेने चार तासांच्या आसपास, गावाच्या मध्यातून गावाच्या मध्यात. त्या टप्प्याला विमानाचा विचारही करू नये. पॅरिस–बार्सिलोना थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे, आहे, पावणेसात तास लागतात. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर मी गाडीच घेईन. खिडकीतून भूमध्य समुद्राकाठची खारी तळी दिसतात, गाडी अक्षरशः पाण्यामधून जाते.

उरली बार्सिलोना–रोम आणि रोम–व्हिएन्ना. ही दोन विमानाचीच. रोम–व्हिएन्ना रात्रीची नाइटजेट आहे, पण गुडघेदुखीवाल्यांना वरचा बर्थ आला तर पंचाईत.

गाड्यांची तिकिटंही विमानासारखीच वर चढतात हे लक्षात असू द्या. आदल्या दिवशी टीजीव्हीचं तिकीट काढणाऱ्याने मग रेल्वे महाग म्हणून तक्रार करू नये.

कोपऱ्यातली_खुर्ची

वाचते आहे. आमचंही पुढच्या वर्षी असंच काही आहे.

भटकभवानी

मुक्कामपोस्ट, स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमानतळाचं नाव वाचायचं, शहराचं नाही. 'पॅरिस' म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या पुढे आहे. 'फ्रँकफर्ट-हान' फ्रँकफर्टपासून सव्वाशेच्या घरात. 'स्टॉकहोम' स्काव्स्टा शंभरेक. बार्सिलोनाच्या नावावर जिरोना विकतात, तेही नव्वदेक किलोमीटर. तिथून बस, बसचं चौघांचं भाडं, आणि पहाटेचं विमान असेल तर त्या वेळेला बस मुळात आहे का हा प्रश्न.

पण दूरचं नाव दिसलं की लगेच नाक मुरडू नये. मिलानचं बेर्गामो पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि बसची सोय चोख. रोमचं चॅम्पिनो तर तिथल्याच मोठ्या फ्युमिचिनो विमानतळापेक्षा शहराला जवळ आहे, फक्त टर्मिनलमधून थेट गाडी नाही, बस घ्यावी लागते. व्हिएन्नाचं तिकीट महाग निघालं तर ब्रातिस्लावा बघायचं. देश वेगळा, पण व्हिएन्नाहून अंतर साठेक किलोमीटर आणि बसगाड्या भरपूर.

पॅरिसचं ओर्ली मला सगळ्यात आवडतं. २०२४ च्या जूनपासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट विमानतळापर्यंत जाते. बार्सिलोनाला व्हुएलिंग या स्वस्त कंपनीची विमानं तिथून सुटतात. पाचवा_डबा यांनी रागावू नये, पण चौघांचा हिशेब मांडून गाडी आणि विमान दोन्ही बघा. कधी हे स्वस्त, कधी ते.

दीडशहाणा

+१. माझी रीत अशी: तिकीट अधिक बॅगा अधिक दोन्ही बाजूंचं विमानतळापर्यंतचं भाडं, हे चौघांचं एकत्र. त्या बेरजेच्या शेजारी दारातून दारापर्यंतचे तास. मग २० युरोचं विमान आणि ६० युरोची गाडी यांतला फरक बऱ्याचदा विरघळून जातो.

सामानसुमान

बॅगांचं कुणीतरी सांगायलाच हवं, कारण खरी मेख तिथे आहे. फुकटात फक्त सीटखाली जाणारी लहान बॅग मिळते. रायनएअर आणि विझ एअरचं माप ४० × ३० × २० सेंटिमीटर, ईझीजेटचं ४५ × ३६ × २०. वेगवेगळ्या कंपन्यांचे टप्पे असतील तर सगळ्यात लहान मापाने बांधायचं. ईझीजेटमध्ये बसलेली बॅग दुसरीकडे बसेलच असं नाही.

माप चाकं आणि मूठ धरून असतं. गेटजवळ निळा-पिवळा किंवा गुलाबी पिंजरा ठेवलेला असतो, त्यात बॅग ढकलून दाखवायची. कापड दबतं, चाकं दबत नाहीत. रांगेत उभे असलेले लोक तिथे बॅगेवर गुडघा टेकवून जोर लावताना दिसतात, आणि चाकाचा अर्धा इंच बाहेर राहिला की कार्ड काढावं लागतं. ती गेटवरची रक्कम कित्येकदा तिकिटापेक्षा मोठी असते. म्हणून अशा प्रवासाला बिनचाकांची सॅक.

चौघांना चार केबिन बॅगा विकत घेण्यापेक्षा मध्ये एक किंवा दोन २० किलोच्या चेक-इन बॅगा घ्या. बुकिंग करतानाच घ्यायच्या, नंतर दर वाढतो. ज्येष्ठांच्या हातात काही राहत नाही हा फायदा वेगळा.

आणि चेक-इन घरूनच मोबाइलवर करायचं. विमानतळावर केलं तर काही कंपन्या त्याचेही पैसे लावतात. रायनएअरने तर नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंदच केलाय. युरोपियन पासपोर्ट नसेल तर त्यांच्या काउंटरवर व्हिसाची कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, ती रांग वेळेत धरा.

मुक्कामपोस्ट

बाप रे, किती माहिती! सगळ्यांना धन्यवाद. दोन शंका. सासऱ्यांसाठी व्हीलचेअर सांगितली तर स्वस्त कंपन्या पैसे लावतात का? आणि मधलं एखादं विमान रद्द झालं तर पुढची सगळी साखळी कोसळणार ना?

भटकभवानी

व्हीलचेअरचे पैसे लावता येत नाहीत. युरोपियन युनियनचा २००६ चा नियम आहे, क्रमांक ११०७. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना विमानतळावर आणि विमानात मदत मोफत, कंपनी स्वस्त असो की महाग. अट एवढीच की किमान ४८ तास आधी कळवायचं. बुकिंगमध्येच 'स्पेशल असिस्टन्स' टाका. त्याचा आणखी एक उपयोग सांगते: फ्युमिचिनो, बार्सिलोना असल्या ठिकाणी गेट फार लांब असतात, आणि स्वस्त कंपन्या बरेचदा जिन्याने चढवतात. आधी कळवलं असेल तर लिफ्टच्या गाडीने वर नेतात.

खिडकीपाशी

दुसऱ्या शंकेचं मी सांगतो.

युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला २६१/२००४ हा नियम लागू आहे, कंपनी कुठल्याही देशाची असो. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. खोळंबा झाला तर खाणं, गरज पडली तर हॉटेल. मुक्कामाला तीन तास किंवा अधिक उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असेल, तर वर रोख भरपाई: १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या अंतराला ४००, साडेतीन हजारांच्या पुढे ६००. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर ही रोख रक्कम मिळत नाही, पण खाणं-हॉटेल द्यावंच लागतं.

युरोपकडे येताना मात्र कंपनी युरोपियन असेल तरच हा नियम लागतो. दोन तिकिटं सारख्याच किमतीला दिसत असतील तर मी याकडे बघून निवडतो.

आता साखळी. हे संरक्षण एका बुकिंगपुरतं असतं. सुट्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. पण तुमच्या बेतात दोन टप्प्यांच्या मध्ये तीन-तीन रात्री आहेत. बार्सिलोनाहून संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी निघालात तर रोमचा एक दिवस गेला, बाकी काही बिघडलं नाही. खरा धोका एकाच ठिकाणी: लांबच्या विमानाच्या दिवशीच स्वस्त विमानाने तिथे पोचायचं. ते करू नका. परतीच्या शहरात आदली रात्र काढा.

चतुर_चिमणी

मी एक युक्ती ऐकली आहे. समजा व्हिएन्नापेक्षा व्हिएन्नामार्गे भलतीकडे जाणारं तिकीट स्वस्त असेल तर ते काढायचं आणि मध्येच उतरून जायचं. शेवटचा टप्पा टाकून द्यायचा. जमेल का?

दीडशहाणा

चिमणीताई, चेक-इन केलेली बॅग भलतीकडे जाईल, तुम्ही व्हिएन्नात. शिवाय परतीच्या तिकिटात मधला एक टप्पा गाळला की पुढचे सगळे टप्पे कंपनी रद्द करते, म्हणजे घरी यायचं तिकीटच गेलं. ज्येष्ठांना घेऊन हे उद्योग नकोत.

हाच नियम ओपन-जॉलाही. पॅरिसला जाणारं विमान सोडून भलत्याच वाटेने युरोपात पोचलात तर परतीचं तिकीट आपोआप रद्द. क्रम मोडायचा नाही.

थेम्सकाठी

कुणी लंडनची फोडणी घालायच्या आत सांगते. पॅरिस जवळ आहे, युरोस्टार रेल्वेने सव्वादोन-अडीच तास, म्हणून मोह होतो. पण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेलात की तो संपला, परत पॅरिसला येता येत नाही. लंडन घालायचंच तर अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी.

त्यातही सुरुवातीला बरं. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांवर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर आहे. लांबच्या प्रवासाला साध्या वर्गातसुद्धा तो माणशी ९० पौंडांच्या खाली नाही, आणि तो फक्त निघताना लागतो, येताना नाही. म्हणून लंडनला उतरायचं आणि घरी दुसरीकडून निघायचं. इकॉनॉमीत १६ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे.

नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्समध्येही निघण्याचे कर आहेत, पण इतके जबर नाहीत.

मुक्कामपोस्ट

लंडन नको, आधीच पाच शहरांवरून घरात दोन तट आहेत :) व्हिसा अजून व्हायचा आहे. आधी तिकीट की आधी व्हिसा?

खिडकीपाशी

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते आधी ठरवा, कारण ते तुमच्या मार्गावर अवलंबून आहे. जिथे सगळ्यात जास्त रात्री तिथल्या वकिलातीकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिला प्रवेश तिथे. त्यामुळे इटलीच्या रात्री जास्त ठेवून फ्रान्सकडे अर्ज करता येत नाही. आधी रात्री मोजा, मग अर्ज, आणि मग रात्री हलवत बसू नका.

अर्जाला प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरून पक्कं केलेलंच तिकीट हवं असं नाही. माझं मत: लांबचं तिकीट रद्द किंवा बदल करता येण्याजोगं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आतले स्वस्त टप्पे व्हिसा हातात आल्यावरच. ते बदलण्याचा खर्च बऱ्याचदा नव्या तिकिटाइतका होतो. आणि विमानाच्या तिकिटाला युरोपात 'चौदा दिवसांत माल परत' हा ग्राहकहक्क लागू नाही.

अवांतर: १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस ही प्रवेश-निर्गमन नोंदीची नवी पद्धत सुरू झाली आहे. शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे. पहिल्या शेंगेन विमानतळावर विमान बदलणार असाल तर तासाभराची जोडणी घेऊ नका, वेबसाइट विकत असली तरी.

भटकभवानी

तारखांबद्दल राहिलंच. स्वस्त कंपन्यांचे कित्येक मार्ग रोजचे नसतात, आठवड्यातून दोन-तीन दिवसच. म्हणून आधी रात्री ठरवून मग विमान शोधलं तर थेट विमान सापडत नाही आणि मध्ये थांबणारं महाग तिकीट समोर येतं. मी उलट करते. फ्लाइटकनेक्शन्स नावाच्या साइटच्या नकाशावर त्या विमानतळावरून थेट कुठे कुठे जाता येतं ते बघते, मग गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर अख्खा महिना उघडते, आणि स्वस्त वार सापडला की रात्री पुढेमागे सरकवते. गूगलमध्ये एकाच रकान्यात दोन-चार विमानतळ घालता येतात, तेही वापरा. तिकीट मात्र कंपनीच्या साइटवरूनच काढायचं. मधल्या दलालाकडून दहा युरो वाचतात, आणि विमान रद्द झालं की कंपनी म्हणते दलालाकडे जा, दलाल म्हणतो कंपनीकडे जा.

मेमध्ये असेन्शनचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, गुरुवार येतो. फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रियात लोक शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडतात. त्या बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी विमान घेऊ नका. शुक्रवार-रविवार एरवीही टाळा.

पैसे भरताना साइट विचारेल, तुमच्या चलनात भरणार का? नाही म्हणायचं. तिकीट युरोत असेल तर युरोतच, नाहीतर त्यांचा दर माथी बसतो. ही खूण कधी कधी आधीच करून ठेवलेली असते, ती काढा.

मुक्कामपोस्ट

रविवार सगळा यातच गेला. दीडशहाणांनी सांगितल्याप्रमाणे दोन ओळी भरून सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. गंमत म्हणजे पॅरिसला उतरून प्रागहून परत यापेक्षा पॅरिसला उतरून व्हिएन्नाहून परत हे बरंच स्वस्त निघालं, शिवाय मध्ये एकच थांबा. मग शेवटची दोन शहरं उलटी केली: पॅरिस, बार्सिलोना, रोम, प्राग, शेवटी व्हिएन्ना. रोम–प्राग थेट विमान मंगळवारी मिळतंय. प्राग–व्हिएन्ना गाडीने. पॅरिस–बार्सिलोना चौघांचा हिशेब बॅगांसकट केला तर विमान आणि गाडी जवळपास सारखेच, म्हणून गाडी. सासरे खूश.

म्हणजे विमानं फक्त दोन उरली. सगळ्यात जास्त रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. काही चुकतंय का?

पाचवा_डबा

काही नाही. व्हिएन्नाला गाडी हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला, थांबते, तिथूनच विमानतळाची थेट गाडी आहे, वीस मिनिटांच्या आत पोचते. हॉटेल त्या स्टेशनाजवळ बघा.

खिडकीपाशी

प्राग–व्हिएन्ना हा जोड असा उलटा करता येतो, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मार्ग उत्तम आहे. लांबच्या विमानाच्या जोडणीला किती वेळ आहे तेवढं सांगा.

मुक्कामपोस्ट

जाताना अडीच तास, येताना तीन. दोन्ही एकाच बुकिंगमध्ये.

दीडशहाणा

मग काढून टाका. रोमहून प्रागचं विमान फ्युमिचिनोचं आहे की चॅम्पिनोचं, ते हॉटेल ठरवायच्या आधी बघा.

मुक्कामपोस्ट

फ्युमिचिनो, सकाळी सव्वाअकराचं. टर्मिनी स्टेशनाजवळ राहतोय, तिथून थेट गाडी आहे. व्हीलचेअरचंही बुकिंगमध्ये टाकते.